सह्याद्रीत बिनतळाचा टार्प: कुठला घ्यायचा, काय शिवून घ्यायचं आणि खालच्या दोन फुटांचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोघं मिळून सह्याद्रीत रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेवरून अनेक दिवसांची भटकंती, करणार, तीन किलोचा टेंट वाहून कंटाळा आलाय, म्हणून बिनतळाचा हलका टार्प, म्हणजे काठ्या-दोऱ्यांवर ताणून बांधायचं नुसतं छपराचं कापड, घ्यायचाय, तर कापड कुठलं, साईज काय, घेतल्यावर त्यात काय फेरफार करावेत, आणि खाली तळच नाही म्हटल्यावर साप-विंचवाचं काय. मी बरीच वर्षं टार्पखालीच मुक्काम करतोय, शिंप्याशेजारी बसून टार्प शिवूनही घेतलेत, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

आधी माझं ठाम मत सांगून टाकतो. टार्प घ्यायचा म्हटलं की माणूस महिना-महिना कापडावर डोकं लावत बसतो, सिलनायलॉन का सिलपॉली (सिलिकॉन चढवलेलं नायलॉन का पॉलिएस्टर), किती डेनियर (धाग्याची जाडी), किती ग्रॅम. पण आपल्याकडे रात्र बिघडते ती वरच्या कापडामुळे फार क्वचित, बिघडते ती जमिनीपासून पहिल्या दोन फुटांत. खुंटी जात नाही, दगडाला बांधलेली दोरी मध्यरात्री सरकते, लाल मातीचे शिंतोडे आत येतात, उताराचं पाणी अंगाखालून वाहतं, आणि दगडाखाली कोण बसलंय ते कळत नाही. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून आपण शिकतो, तिथे पाइनच्या जंगलातली भुसभुशीत जमीन, खुंटी हाताने दाबली की आत, आणि दोरी बांधायला हवं तिथे सरळसोट झाड. आपल्याकडे गडमाथ्यावर बेसॉल्टचा कातळ, त्यावर चार बोटं माती आणि कमरेएवढं गवत. म्हणून वरचं कापड मध्यम प्रतीचं घ्या आणि उरलेले पैसे, वेळ, मेहनत सगळं खालच्या भागावर घाला.

वजनाचा हिशोब प्रामाणिकपणे मांडतो, कारण टार्पचं वजन सांगताना लोक नुसत्या कापडाचं सांगतात. ३ बाय ३ मीटरचा चांगल्या सिलपॉलीचा टार्प साधारण ४५० ग्रॅमच्या आसपास बसतो, दोऱ्या १०० ग्रॅम, आठ खुंट्या म्हणजे आणखी १००-१२० ग्रॅम, आणि दोघांसाठी जाळीचा इनर, म्हणजे टार्पखाली टांगायची तळ शिवलेली बंद मच्छरदाणी, ५०० ते ६०० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलो. दोघांत वाटून माणशी सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, तुमच्या आत्ताच्या टेंटच्या निम्म्याहून कमी. काठ्या धरल्या नाहीत कारण तुम्ही ट्रेकिंग पोल वापरता असं लिहिलंय. इनर घरी ठेवून गेलात तर वजन आणखी पडेल पण तसं करू नका, का ते खाली सांगतो. आणि वजन हे एकच कारण असेल तर भरपूर पैसे टाकून सव्वा-दीड किलोचे तयार डबल वॉल (आत जाळी, वर पावसाचं कापड असे दुहेरी) टेंटही मिळतात, तेही बघा. टार्पचा खरा फायदा वेगळा आहे. दुपारी पाऊस आला की पाच मिनिटांत छप्पर होतं, चार जणं खाली बसून जेवतात, ओले बूट-सॅक आत चालतात, रात्री हवा खेळते, आणि जागेप्रमाणे आकार बदलता येतो. हे ज्याला हवंय त्याने टार्प घ्यावा.

साईजचं म्हणाल तर दोघांसाठी ३ बाय ३, त्याखाली जाऊ नका. कारण सांगतो. ए-फ्रेम लावलात, म्हणजे मधोमध कणा आणि दोन्हीकडे उतार, तर प्रत्येक बाजूला दीड मीटर कापड येतं. कणा १२० सेंटीमीटर उंच ठेवला तर खाली रुंदी मिळते १८० सेंटीमीटर, ९० वर उतरवला तर २४० मिळते. म्हणजे वारा-पाऊस वाढला की कणा खाली घ्यायचा, छप्पर चपटं आणि रुंद होतं, कडा जमिनीजवळ येतात, फक्त बसताना डोकं टेकतं. लांबीला ३ मीटर म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी आणि पायाशी अर्धा-अर्धा मीटर जास्तीचं छप्पर राहतं. आपला पाऊस तिरका येतो, ते अर्धा-अर्धा मीटर लागतंच. अडीच बाय अडीच मध्ये दोघांपैकी एकाची स्लीपिंग बॅग सकाळी ओली मिळते. एकट्यासाठी मात्र अडीच बाय तीन उत्तम. आणि शक्यतो सपाट चौकोनीच घ्या, पिरॅमिडसारखा आधीच आकार दिलेला नको. पिरॅमिड वाऱ्यात जबरदस्त उभा राहतो, हिमालयात झाडोऱ्याच्या वर मीही तोच नेईन, पण त्याला खाली तेवढी सपाट आणि तेवढीच मोठी जागा लागते आणि सगळे कोपरे घट्ट बसावे लागतात. कारवीच्या जाळीत किंवा कातळाच्या दोन पायऱ्यांमध्ये तशी जागा मिळत नाही, चौकोनी कापड तिथे कसंही वळवून बसवता येतं.

आता कापड. बाजारातली निळी-पिवळी एचडीपीई (प्लास्टिकची) ताडपत्री जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम यावर, विकतात, १२० जीएसएमची ३ बाय ३ ची ताडपत्री म्हणजे किलोभराच्या वर वजन, घडी जाड, वाऱ्यात फडफड इतकी की झोप लागत नाही. पण टार्प आपल्याला जमतोय का हे तपासायचं असेल तर आधी हीच घेऊन दोन-तीन मुक्काम करा, मी मनापासून सांगतो, महागडं कापड घेण्याआधी गाठी आणि जागा शिकून होतात. त्यावरची पायरी म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं पॉलिएस्टर, स्वस्त आणि सहज मिळणारं, ३ बाय ३ ला पाऊण ते एक किलो. त्यावर सिलिकॉन कोटिंगचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर, चौरस मीटरला चाळीस-पन्नास ग्रॅम. आणि सगळ्यात वर डायनीमा, म्हणजे अतिशय मजबूत प्लास्टिक धाग्यांचं कापड, वजन याच्या निम्म्याहून कमी आणि किंमत कित्येक पट. डायनीमा सह्याद्रीसाठी मी कोणालाच सुचवत नाही. दणकट आहे, पाणी पीत नाही, ताणत नाही, सगळं खरं, पण घासण्यात कच्चा आहे आणि आपल्याकडे प्रत्येक दोरी, प्रत्येक कड धारदार दगडावर घासणार.

सिलनायलॉन का सिलपॉली याचं उत्तर मात्र सोपं आहे, आपल्या हवेला सिलपॉली. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणून ठेवलेला टार्प रात्री दोन वाजता पोटाशी आलेला असतो, मग उठून परत ताण द्या. नोव्हेंबरातल्या नुसत्या दवानेही हे होतं, पावसाची गरज नाही. पॉलिएस्टर तेवढं सैल पडत नाही. ताकदीला नायलॉन थोडं सरस आहे, पण रात्रीत दोनदा उठण्यापेक्षा मला पॉलिएस्टर परवडतं. वॉटरप्रूफिंगचा आकडा, म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब पेलतं तो, २००० मिमीच्या पुढचा बघा, ऑक्टोबरातल्या वादळी सरीचा मोठा थेंब पातळ कोटिंगमधून बारीक फवारा करून आत येतो.

पीयू कोटिंगबद्दल एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. गरम आणि दमट हवेत पीयूचं विघटन होतं. मुंबई-कोकणात पावसाळाभर माळ्यावर गुंडाळून ठेवलेला टार्प दोन-तीन वर्षांत चिकट होतो, उलटीसारखा वास येतो आणि कोटिंगचे पापुद्रे निघतात. सिलिकॉनला हा त्रास नाही. पीयूचा घेतलात तर पूर्ण वाळवा, घट्ट गुंडाळू नका, सुती पिशवीत सैल भरून हवेशीर कपाटात ठेवा.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. कातळावर टार्प बांधणं. दोरी थेट मोठ्या दगडाला गुंडाळली तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे वाऱ्याच्या धक्क्याने दोरी दगडाखाली घासून तुटते, दुसरं म्हणजे ताण कमी-जास्त करता येत नाही. त्याऐवजी असं करा. टार्पच्या टोकाला दीड-दोन मीटर दोरी ठेवा, दोरीच्या शेवटी मोठा फास करा, फासात मुठीपेक्षा थोडा मोठा दगड अडकवा आणि टार्पपासून लांब जमिनीवर ठेवा. आता त्या लहान दगडाच्या पुढे, म्हणजे टार्पच्या बाजूला, दोरीच्या वरून मोठा जड दगड ठेवा. दोरीला ताण आला की लहान दगड ओढला जाऊन मोठ्या दगडाला अडतो आणि तिथेच बसतो. जितका ताण तितका घट्ट. जड दगडावर दोरी गुंडाळलेली नसल्यामुळे ती कमी घासते, आणि ताण बदलायला फक्त लहान दगड मागे सरकवायचा. मोठा दगड किमान आठ-दहा किलोचा हवा, वारा असेल तर त्यावर अजून एक. दोऱ्या म्हणूनच नेहमीपेक्षा लांब ठेवा, कारण दगड आपल्याला हवा तिथे नसतो, दोरीनेच दगडापर्यंत जावं लागतं. जाड पॅराकॉर्ड (नायलॉनची दोरी) नको, पाणी पिते आणि ताणते, २ मिमीची पॉलिएस्टर किंवा डायनीमाची दोरी पुरते, चमकणारी मिळाली तर उत्तम, रात्री पायात येत नाही.

दगड उचलणं हा पूर्ण मुक्कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण आहे, हे ठळक लक्षात ठेवा. संध्याकाळी अंधारताना, थकलेलं असताना, उघड्या हाताने आपण वीस-पंचवीस दगड उचलतो, आणि फुरसं, विंचू, गोम नेमके तिथेच बसलेले असतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर तर फुरसं दगडाखाली सर्रास मिळतं. काठीने आधी दगड हलवा, मग उचलताना तुमच्या पलीकडची कड आधी वर करा म्हणजे खालून जे निघेल ते पलीकडे निघेल आणि दगड मध्ये ढालीला राहील. बोटं दगडाखाली घालू नका. जाड हातमोजे सॅकमध्ये ठेवा, पन्नास ग्रॅमसुद्धा होत नाहीत. आणि उजेड असतानाच दगड गोळा करून ठेवा, टार्प नंतर बांधला तरी चालतो. सकाळी दगड परत जिथले तिथे. तटबंदीचे, जोत्यांचे, पडक्या वाड्यांचे घडीव दगड कधीच वापरायचे नाहीत, वीरगळ किंवा देवळाच्या दगडाला दोरी बांधायची नाही. २०२५ साली राजगड, रायगड, साल्हेर धरून आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, पण यादीत नसलेल्या गडाचाही जोत्याचा दगड हा जोत्याचाच राहिला पाहिजे.

माती असेल तिथे खुंट्या. वाय आकाराच्या ॲल्युमिनियमच्या १५-१८ सेंटीमीटरच्या घ्या, गोल तारेच्या नकोत. मुरमाड जमिनीसाठी दोन-तीन सहा इंची लोखंडी खिळे जवळ ठेवा, हार्डवेअरच्या दुकानातले, खिळ्याने आधी भोक पाडायचं आणि मग खुंटी, नाहीतर खिळाच ठेवायचा. डिसेंबरातल्या भातखाचरात जमीन इतकी कडक असते की ॲल्युमिनियम वाकतं.

आता फेरफार. टार्प आणला की लगेच शिंप्याकडे पळू नका, आधी घराच्या गच्चीवर बांधा. गच्चीवर खुंटी ठोकता येत नाही, म्हणजे कातळाचीच तालीम होते, दगडाच्या जागी पाण्याचे २० लिटरचे कॅन घ्या. ए-फ्रेम, एका बाजूने पूर्ण जमिनीला टेकलेला तिरपा, आणि अर्धा पिरॅमिड हे तीन प्रकार डोळे मिटून जमेपर्यंत करा. मग नळीने पाणी मारा, अर्धा तास, वरून आणि बाजूनेही, आणि आत बसून बघा कुठे टपकतं, कुठे कापड आत येऊन डोक्याला लागतं. जिथे आत येतं तिथे बाहेर ओढणारा फास हवा. तो कुठे हवा हे शिवायच्या आधी गोट्यांनी ठरवा. मुलं खेळतात ती काचेची गोटी आतून कापडात धरायची, बाहेरून कापड तिच्याभोवती गोळा करून दोरीचा फास आवळायचा, झाला तात्पुरता बांध, भोक न पाडता. आठवडाभर गोट्या बदलून बघा. ३ बाय ३ च्या ए-फ्रेममध्ये बहुतेक वेळा जागा येते ती खालच्या कडेपासून साठ-सत्तर सेंटीमीटर वर, प्रत्येक बाजूला मधोमध एक. तो फास बाहेर ओढला की आतली जागा एकदम वाढते आणि कापड फडफडत नाही. ताडपत्रीचे आयलेट (कडेच्या भोकांतल्या कड्या) उपटून निघाले तरी हीच गोटी, किंवा गुळगुळीत खडा, कामाला येतो.

शिंपी निवडताना रेनकोट किंवा पॅराशूट कापडाची जॅकेटं शिवणारा बघा, नेहमीच्या शर्ट-पँटवाल्याच्या हातातून हे कापड निसटतं. शेजारी बसा आणि चार गोष्टी बघून घ्या. मशीनला बऱ्याचदा १६ नंबरची जाड सुई असते, ती काढून ११ नंबरची कोरी सुई लावायला सांगा, जाड सुईचं भोक म्हणजे गळती. धागा पॉलिएस्टरचा, सुती धागा कुजतो. टाका फार बारीक नको, तीन मिमीच्या आसपास ठेवा, बारीक टाक्यांची रांग म्हणजे तिकिटासारखी फाडायची रेघ होते. आणि टाचण्या टोचून कापड धरू द्यायचं नाही, चिमटे लावा. फासासाठी बॅगेच्या दुकानात मिळणारी १५-२० मिमीची नायलॉनची पट्टी, तिचं टोक मेणबत्तीवर बंद करून. पट्टी थेट कापडावर शिवायची नाही, आत त्याच कापडाचा तळहाताएवढा गोल तुकडा ठेवायचा, शक्य असेल तर दोन थर, आणि मग चौकोन-फुलीची शिवण. तुकड्याला कोपरे ठेवू नका, कोपऱ्यातूनच फाटायला सुरुवात होते. चारही कोपरे आणि कण्याची दोन टोकं आधीच मजबूत असतील तरी ओढून तपासा, स्वस्त टार्पमध्ये तिथे एकच थर असतो. जिथे काठीचं टोक टेकतं तिथे आतून जाड कापडाचा, सॅकचं असतं तसल्या कोर्ड्युराचा, तुकडा लावून घ्या.

जोडशिवण हा पुढचा विषय. हे कापड बहुधा दीड मीटर पन्ह्याचं येतं, म्हणजे तीन मीटरच्या टार्पला मधोमध जोड असणारच आणि तो नेमका कण्यावर येतो. जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दुहेरी शिवण हवी. पीयूच्या टार्पला आतून टेप चिकटवलेली असते, पण दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असेल तर त्यावर टेप टिकत नाही, सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं. हार्डवेअरच्या दुकानातली क्लिअर सिलिकॉन सीलंटची ट्यूब आणा, थोडं टर्पेंटाईन घालून ब्रशने सहज पसरेल इतपत पातळ करा, टार्प ताणून बांधा आणि बाहेरून शिवणीवर पातळ थर द्या, नव्या शिवलेल्या फासांच्या मागेपुढेही. मोकळ्या हवेत करा, वास डोक्यात जातो. दिवसभर वाळू द्या आणि वाळल्यावर वरून टाल्कम पावडर चोळा, नाहीतर घडीत एकमेकांना चिकटतं.

कण्याची दोरी दोन्हीकडे झाडांना गेली असेल तर पावसाचं पाणी दोरीवरून घरंगळत आत येतं. टार्पच्या कडेच्या जरा बाहेर दोरीला वीतभर सुती दोरा बांधून लोंबता सोडा, पाणी तिथे वळून खाली पडतं. एवढंसं काम, पण कोरडं ठेवतं. बाजूच्या दोऱ्यांत वीतभर इलॅस्टिकचा फास घातला तर वाऱ्याचे झटके तो खातो आणि कापड थोडं सैल पडलं तरी आपोआप ओढून धरतो. दाराला वेगळी पडदी शिवायची गरज नाही, एकाचा पोंचो उघडून वाऱ्याकडच्या तोंडावर बांधला की काम होतं.

आता इनर, आणि यात मी कोणतीही सूट देत नाही. टार्पच्या खालच्या कडेला जाळीची झालर शिवून घेतात, डासांना ती चालते, सापाला नाही, झालर जमिनीवर नुसती टेकलेली असते. आपल्याकडे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो तो मुख्यतः मण्यार. तो रात्री फिरतो, दात बारीक, चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, खूण दिसत नाही, आणि मग पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, श्वास अडकणं. तेव्हा जमिनीपासून बंद जाळी पाहिजे म्हणजे पाहिजेच, तळाला शिवलेली, चेन असलेली. बाजारात तयार मिळते, पण शिवूनही छान होते. तळ १२० सेंटीमीटर रुंद आणि २२० लांब, जाड पीयू कोटेड कापडाचा, त्याच्या कडा चारही बाजूंनी १५ सेंटीमीटर वर उचललेल्या म्हणजे शिंतोडे आणि वाहतं पाणी अडतं, त्यावर मच्छरदाणीचं बारीक जाळीचं कापड, वर दोन फास कण्याला अडकवायला. चेन ५ नंबरची कॉईल घ्या, धातूची नको, आणि ती दोन्ही लांबट बाजूंना एकेक लावा, डोक्याशी नको, म्हणजे रात्री एकाला उठायचं झालं तर दुसऱ्यावरून जावं लागत नाही. चेन झोपताना लावायची गोष्ट नाही, इनर उभा केल्या क्षणापासून बंद पाहिजे, कारण संध्याकाळीच कोणीतरी आत शिरून स्लीपिंग बॅगखाली बसतं. शेवटी चेन जिथे संपते तिथे बोटभर फट राहते, ती बघा आणि शिवून घ्या.

बूट इनरमध्येच पिशवीत घाला किंवा काठीवर उलटे टांगा, सकाळी झटकूनच पाय घाला. खरकटं, शेंगदाण्याची टरफलं टार्पखाली पडू देऊ नका, उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. कोणाला साप चावलाच तर कापाकापी, चोखणं, करकचून बांधणं काही करायचं नाही, हातपाय न हलवता शक्य तितक्या लवकर दवाखान्यात, १०८ ला फोन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, म्हणून साप ओळखण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. कोकणातल्या लाल विंचवाचा दंशही हलक्यात घ्यायचा नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचे उपचार रूढ केले म्हणून आज लोक वाचतात, पण त्यासाठीही वेळेत डॉक्टरकडे पोचावं लागतं. गडावरून खाली गावापर्यंत किती तास आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं हे निघायच्या आधी लिहून ठेवा.

इनर असला की वेगळा ग्राउंडशीट लागत नाही, पण तळ काट्यांपासून वाचवायचा असेल तर शेतकरी वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपर बघा. ३० मायक्रॉनचा, चार फूट पन्ह्याचा, सव्वादोन मीटर तुकडा म्हणजे जेमतेम ७०-८० ग्रॅम. एखाद्या शेतकऱ्याकडे रोलमधला उरलेला तुकडा सहज मिळतो. बाभळीच्या काट्याने भोक पडतं, पण त्याच्या जिवावर तळ वाचतो. फाटला की घरी परत आणायचा, तिथे टाकायचा नाही.

दवाचं विचारलं नव्हतंत पण नोव्हेंबर ते जानेवारी तोच खरा पाऊस आहे. आभाळ निरभ्र असलं की टार्पचं कापड आपली उष्णता वर आकाशाला देऊन आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडतं आणि त्यावर आतून-बाहेरून दव धरतं. खाली ओलं गवत असेल तर जमिनीची वाफ आणि तुमचा श्वास त्यात भर घालतो. झाडाच्या फांद्यांखाली बांधलात तर दव खूप कमी, मात्र वाळकी फांदी वर नाही ना ते बघा. उघड्यावर असाल तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कड वीतभर वर ठेवा, हवा वाहती राहिली पाहिजे. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलंत तर सकाळी जास्त ओले व्हाल. हाताशी सुती फडकं ठेवा, सकाळी पुसून मगच घडी.

जागा निवडताना कड्याच्या टोकाचा मोह टाळा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, हलकी वस्तू खाली फेकली तर परत वर येते हे सगळ्यांनी पाहिलंय, तोच वारा टार्पच्या कडेखाली शिरला तर दहा किलोचे दगडही पुरत नाहीत. कड्यापासून चांगलं आत, एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला या. खोलगट जागा दिसायला उबदार असते पण पाणीही तिथेच येतं. जरा फुगीर, दोन्हीकडे उतार असलेली जागा घ्या, चर खणायची वेळच येऊ नये. परतीच्या पावसात ऑक्टोबरभर संध्याकाळी विजा होतात, तेव्हा उघड्या माथ्यावर धातूची काठी उभी करून झोपायचं नाही, ढग दाटले की खाली यायचं. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा पट्टा अभयारण्यात येतो आणि मुक्कामाचे नियम गडागडाला वेगळे आहेत, काही ठिकाणी रात्री राहायला मनाई आहे, पायथ्याच्या गावात आणि वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. स्टोव्ह टार्पखाली पेटवायचा तर उघड्या तोंडाशी, कापडापासून हात-दीड हात लांब, सिलपॉली क्षणात वितळतं. शेकोटीची ठिणगी एवढी पुरते.

जुलै-ऑगस्टमध्ये हाच टार्प चालेल का असंही शेवटी विचारलंत. दुपारी थांबून चहा करायला, जेवायला जरूर न्या. रात्री घाटमाथ्यावर नको, तिथे तासन्‌तास आडवा पाऊस असतो, कातळावरून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो आणि कोणताही दगड सुका नसतो. पायथ्याच्या गावात कोणाच्याही ओसरीवर विचारा, जागा देतात, जेवणाचे पैसे मात्र न विसरता द्या.